तिरंदाजीत बो (धनुष्य) ओढून बोटांना फोड येतात? आधी फोड नेमका कुठे आलाय ते बघा

इंडियन राऊंडची, म्हणजे देशी लाकडी बोने स्पर्धेत खेळणारी मुलं असोत किंवा हौसेने लाकडी लाँगबो (लांब, सरळ बो), रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला बो) घेतलेले मोठे लोक असोत, पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांची एकच तक्रार असते, बोटं. फोड आला, तो फुटला, चार दिवस थांबलो, परत सुरू केलं आणि परत त्याच जागी फोड. आणि ग्राउंडवर मिळणारं उत्तरही ठरलेलं, मारत राहा, चामडी घट्ट होईल, सवय होईल. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. चामडी थोडी घट्ट होते हे खरं, पण एकाच जागी पुन्हापुन्हा फोड येत असेल तर तिथे काहीतरी चुकतंय आणि ती जागाच तुम्हाला काय चुकतंय ते सांगत असते. ते न बघता जाड टॅब (बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा) घातला तर दुखणं झाकलं जातं, चूक तशीच राहते, वर स्ट्रिंगचा (धनुष्याच्या दोरीचा) अंदाज जातो तो वेगळाच.

आधी बोटांवर किती ओझं पडतं याचा हिशोब करा, कारण बरेच जण तो कधी करतच नाहीत. इंडियन राऊंडला 50 मीटरवर 36 आणि 30 मीटरवर 36 असे 72 बाण. समजा बो तुमच्या ड्रॉला (स्ट्रिंग जेवढी मागे ओढता त्या अंतराला) 30 पाउंड भरतो, म्हणजे तेवढा जोर लागतो, तर 72 गुणिले 30 म्हणजे 2160 पाउंड, म्हणजे जवळजवळ 980 किलो, आणि हे सगळं तीन बोटांच्या तीन बारीक रेषांवर. यात प्रॅक्टिसचे बाण, वॉर्मअपचे, ओढून बाण न मारता परत आणलेले, काहीच धरलेलं नाही. शिवाय बोवर लिहिलेले पाउंड 28 इंच ड्रॉचे असतात, तुमचा ड्रॉ 30 असेल तर साधारण इंचाला दोन-अडीच पाउंड या हिशोबाने 30 चा बो तुमच्या बोटांना 34-35 चा लागतो. म्हणून उंच, लांब हाताच्या मुलाला आणि बुटक्या मुलाला एकच बो दिला तर एकाची बोटं सोलतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, आणि मग लोक म्हणतात याची चामडी नाजूक आहे.

दुखणं तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. फोड येतो तो घासल्यामुळे, म्हणजे स्ट्रिंग कातडीवर किंवा टॅब बोटावर सरकतोय. आतून ठणकतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना दुखतं, ते दाबामुळे, म्हणजे पाउंडेज, स्ट्रिंगची जाडी, बाणांची संख्या. आणि तिसरं, मुंग्या येणं किंवा बोटाचं टोक बधिर होणं, हे नसेचं काम आहे आणि ते हलक्यात घ्यायचं नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता जागा बघू.

तर्जनीच्या आतल्या बाजूला, मधल्या बोटाकडच्या, जिथे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) टेकतो तिथे फोड किंवा काळपट घट्टा असेल तर तुम्ही नॉक चिमटीत धरताय. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली अशी पकड असणाऱ्यांमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. बाण पडेल या भीतीने दोन बोटं नॉकवर दाबली जातात, त्यात बो पूर्ण ओढला की स्ट्रिंगचा कोन लहान होतो आणि ती बोटांना आपोआप एकमेकांवर ढकलते. आधी नॉक तपासा. बाण स्ट्रिंगला लावून खाली लोंबकळत सोडा, तो स्वतःहून पडता कामा नये, पण स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. एवढा नॉक बसत असेल तर बाण धरायची गरजच नाही, तो स्ट्रिंगनेच धरलेला असतो. मग दोन बोटांत नॉकच्या दोन्ही बाजूंना जराशी, एक-दोन मिलिमीटरची फट ठेवायची सवय लावा. आपसूक राहत नसेल तर मधे स्पेसर असलेला टॅब मिळतो तो घ्या, किंवा साध्या टॅबला दोन बोटांच्या मधे चामड्याचा छोटा तुकडा चिकटवून शिवून घ्या, काम तेच होतं. तिन्ही बोटं बाणाखाली घेतली तरी हा त्रास जातो, पण बाण डोळ्याच्या जवळ येतो त्यामुळे निशाणा पूर्ण बदलतो आणि नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण लावायच्या जागेची खूण) परत लावावा लागतो, त्यामुळे मॅचच्या आठवड्यात हा प्रयोग नको.

बोची लांबीही इथेच येते. 28 इंच ड्रॉ आणि बो 60 इंचांचा असेल तर तो चिमटा काढणारच, तुम्ही कितीही फट ठेवा. तेवढ्या ड्रॉला 66-68 इंचांचा बो बोटांना खूप सुखाचा. दुकानात छोटा बो दिसायला देखणा असतो, गाडीत मावतो, म्हणून घेतला जातो, आणि मग बिचाऱ्या बोटांना दोष. 48-50 इंचांचे ते घोडेस्वारांचे आखूड बो तर तीन बोटांनी ओढायचे नसतातच, ते अंगठ्याने ओढायचे बो आहेत. मुघल काळात त्यासाठी अंगठ्यात घालायची खास अंगठी असायची, शहाजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, तिचा आकार बघितला तर लक्षात येतं की एका बाजूला ती पुढे पाकळीसारखी आलेली असते, स्ट्रिंगचा दाब तेवढ्या भागावर पसरावा म्हणून. तुम्ही अंगठ्याने मारत असाल आणि अंगठ्याच्या सांध्याच्या बाजूला सोलत असेल तर अंगठी गोल आणि सैल आहे, ती फिरतेय. आतलं भोक थोडं लंबगोल लागतं, आडवी घालून मग फिरवून बसवायची, म्हणजे जागेवर घट्ट राहते.

तर्जनीच्या कडेला, नखाच्या जवळ ओरखडा येत असेल तर बहुतेक वेळा तो पितळेच्या नॉकिंग पॉइंटचा असतो. पक्कडीने दाबलेल्या त्या पितळी कड्याची एखादी कड वर राहते आणि प्रत्येक बाणाला बोटाला लागते. ते काढून टाका आणि सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर मधल्या भागात गुंडाळतात त्या) दोऱ्याने किंवा डेंटल फ्लॉसने घट्ट गुंडाळून गाठी मारून नॉकिंग पॉइंट बांधा. वजनाला हलका, बोटाला मऊ, आणि वर-खाली सरकवताही येतो.

मधल्या बोटाच्या पेरावर फोड, बाकी दोन बोटं चकचकीत, काही झालेलंच नाही, हे सगळ्यात कॉमन. मधलं बोट लांब असल्यामुळे थोडं जास्त ओझं ते घेणारच, पण एकटं नाही. तपासायचं कसं, तर टॅबच्या चामड्यावर बारीक टाल्कम पावडर लावा, पाच-सहा बाण मारा आणि स्ट्रिंगची रेघ बघा. तिन्ही बोटांवर रेघ दिसली पाहिजे. अनामिकेखाली पावडर जशीच्या तशी असेल तर ते बोट नुसतं शोभेला आहे, ओढताना सुरुवातीला लागतं आणि अँकरला (पूर्ण ओढून हात चेहऱ्याशी टेकतो त्या जागी) येईपर्यंत सुटतं. यावर उपाय म्हणजे ओढायच्या आधीच हूक (स्ट्रिंगभोवती बोटांचा आकडा) नीट लावून घेणं, स्ट्रिंगवर तिन्ही बोटं बसवायची, किंचित ओढून ताण घ्यायचा, अनामिका लागलीये ना ते जाणवून घ्यायचं आणि मगच वर उचलायचं. घाईने उचलत-उचलत बोटं लावणाऱ्यांचं हे कधीच जमत नाही.

आणि कोपर बघा. मोबाइल स्टँडवर लावून बाजूने व्हिडिओ काढा, पूर्ण ड्रॉला थांबवून बघा. ओढणारं कोपर बाणाच्या रेषेत किंवा जरासं वर हवं. कोपर खाली पडलं की मनगट तिरकं होतं आणि भार तर्जनीकडे जातो, कोपर फारच वर गेलं की अनामिकेकडे जातो. म्हणजे फोड तर्जनीला असेल आणि नॉकचं सगळं ठीक असेल तर दोष खांद्यात असू शकतो. थकल्यावर कोपर खाली येतंच, म्हणून सत्राच्या शेवटीशेवटी तर्जनी दुखायला लागते, सुरुवातीला नाही. हा फरक लक्ष देऊन बघण्यासारखा आहे.

बोटांच्या अगदी टोकाला, नखाखालच्या मांसात दुखत असेल तर हूक उथळ आहे. लोकांना वाटतं स्ट्रिंग जितकी टोकावर तितका रिलीज (स्ट्रिंग सोडणं) साफ. होतं उलट, टोकावर धरलेली स्ट्रिंग घसरू नये म्हणून बोटं ताठ आवळावी लागतात, हाताच्या पाठीवरच्या शिरा वर येतात, आणि स्ट्रिंग टोकावरून घरंगळत जाते ती कातडी ओढत जाते. स्ट्रिंग पहिल्या पेराच्या घडीत किंवा घडीच्या किंचित आत बसवा. बोटं आकड्यासारखी वाकलेली आणि हाताचा पंजा, मनगट एकदम सैल. मधल्या बोटाला तर थोडं आत घेतलेलं चालतं. मात्र दुसऱ्या पेरापर्यंत आत नेऊ नका, मग घडीतली कातडी चिमटते आणि सोडताना बोटं उघडावीच लागतात.

फोडाचं मूळ सोडण्यात

घासण्याचा फोड जास्त करून रिलीजमध्ये तयार होतो. बोटं मुद्दाम उघडून सोडायला गेलात तर स्ट्रिंग बोटांच्या पूर्ण लांबीवरून खरडत जाते, कारण कितीही चपळाई केली तरी स्ट्रिंग तुमच्या बोटांपेक्षा वेगवान आहे. हात बाहेर झटकून सोडणारे तर स्ट्रिंग बाजूला ओढतात, त्यांचा फोड पेराच्या एका बाजूला तिरका येतो. उघडायचं काहीच नाही, फक्त धरणं थांबवायचं. पाठीच्या ताकदीने ओढणं चालू ठेवायचं, बोटं ढिली पडली की स्ट्रिंगच त्यांना बाजूला सारून निघून जाते आणि हात गालाला घासत सरळ मागे, मानेकडे जातो. हे टार्गेट लावून शिकता येत नाही. बट्रेसच्या (बाण घुसतो त्या जाड गादीच्या) समोर चार-पाच मीटरवर उभं राहा, टार्गेटचा पेपर काढून टाका, हलका बो घ्या, अँकरला आल्यावर डोळे मिटून फक्त बोटांकडे लक्ष देऊन सोडा. मारायच्या आधी ग्राउंडवर आजूबाजूला आणि बट्रेसमागे कोणी नाही ना एवढं बघा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण बोटांसाठी याच्याइतकं गुणकारी दुसरं काही मला माहीत नाही.

अँकरला येऊन खूप वेळ थांबणारे, आणि थांबता-थांबता अर्धा इंच पुढे सरकणारे, त्यांचीही बोटं जास्त दुखतात. पाउंडेज जास्त असल्याची ती सरळ खूण आहे. अँकरला येऊन तीन-चार सेकंद न थरथरता थांबता येत नसेल तर बो जड आहे. पाच पाउंड कमी करा. यात कमीपणा काही नाही. हलक्या बोने सुधारलेला रिलीज जड बोवर टिकतो, जड बोवर बिघडलेला रिलीज हलक्या बोवर आपोआप सुधारत नाही.

टॅब, ग्लोव्ह, स्ट्रिंग

तीन बोटांचा ग्लोव्ह सुरुवातीला सोपा वाटतो, पण विकत घेताना बोटांच्या टोपीतली शिवण आतून चाचपून बघा. शिवण नेमकी पेरावर येत असेल तर फोड तिथेच येणार. टोपी सैल असेल तर ती बोटावर फिरते आणि आतल्या आत घासते. माझं मत टॅबच्या बाजूने आहे, एकच सपाट पृष्ठभाग, बोटं मोकळी, शिवण नाही. टॅब मात्र कापून बसवावा लागतो, हे खूप जण करत नाहीत. दुकानातून आणलेला मोठा टॅब तसाच वापरला तर बोटांपुढे आलेलं चामडं दुमडतं आणि स्ट्रिंगमध्ये अडकतं. बोटं सरळ केल्यावर टोकांच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर उरेल एवढाच ठेवा, एकदम नका कापू, थोडा-थोडा.

घरी बनवायचा असेल तर वरचा थर गुळगुळीत, दाट चामड्याचा, आतला थर पातळ फेल्टचा किंवा मऊ चामड्याचा. चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे तुकडे मिळतात, फक्त कोल्हापुरीच्या तळव्याचं चामडं घेऊ नका, ते इतकं कडक असतं की हूकच होत नाही. रेक्झीन पण नको, उन्हात चिकट होतं. नवीन चामडं हाताने दुमडून, चोळून मऊ करा आणि मॅचच्या आधी निदान शे-दीडशे बाण त्यावर झालेले असू द्या. टॅबवर स्ट्रिंगची खोल चरी पडली की तो बदलायचा, कारण स्ट्रिंग त्या चरीत अडकते आणि सोडताना बोट ओढलं जातं. बरेच जण चरी पडली म्हणजे टॅब आता हाताला बसला असं समजून तोच लाडाने जपतात.

आता स्ट्रिंग. पातळ कॅरीबॅगमध्ये पाच किलो बटाटे आणले की बोटं कापतात आणि कापडी पिशवीत तेच बटाटे आणले तर काही होत नाही, स्ट्रिंगचंही तसंच आहे. नव्या प्रकारच्या ताकदवान धाग्याची कमी पदरांची स्ट्रिंग बारीक असते, डॅक्रॉन या जुन्या धाग्याची जाड असते. बारीक स्ट्रिंगवर मधल्या भागात सर्व्हिंगचा जाड दोरा वापरून बोटांचा दाब पसरवता येतो, फक्त त्याच्यावर नॉक बसतोय का ते बघून, वर सांगितलेली टिचकीची परीक्षा परत करून. गुळगुळीत नायलॉनचं सर्व्हिंग कडक लागतं, विणलेल्या दोऱ्याचं मऊ. सर्व्हिंग सुटून त्यात फट पडली असेल तर ती फट कातडी धरते, लगेच परत गुंडाळा. लहान मुलांसाठी स्ट्रिंगवर ओवायचे रबरी फिंगर सेव्हर मिळतात, नॉकच्या वर एक, खाली एक. बाण थोडा मंदावतो, पण दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या महिन्यात बोटं दुखून खेळ नकोसा होण्यापेक्षा ते बरं.

यावर कोणीतरी नक्की म्हणेल की आपले भिल्ल बांधव कुठे टॅब वापरतात, तेही अंगठा न लावता दोन बोटांनी ओढतात. बरोबर आहे. पण त्यांच्या पारंपरिक धनुष्याची दोरी बांबूच्या चिरलेल्या पट्टीची असते, चपटी, बोटावर रुंद बसणारी. आणि शिकारीला माणूस एकदोन बाण मारतो, एका दुपारी 72 मारत नाही. लहानपणापासून हातात धनुष्य असणं ही गोष्ट वेगळीच. त्यांच्याकडून शिकायचं तर दाब पसरवणं शिकावं, उघड्या बोटांनी बारीक स्ट्रिंग ओढणं नाही.

एक गोष्ट राहतेच सगळ्यांची, रबर. घरी थेराबँड किंवा ट्यूब ओढायचा व्यायाम उघड्या बोटांनी करतात, रोज शंभर-शंभर वेळा, आणि मग ग्राउंडवर विचारतात की काल तर शूट पण केलं नव्हतं, फोड कसा आला. रबर कातडीला चिकटून ओढतं, ते स्ट्रिंगपेक्षा वाईट. टॅब घालून ओढा.

फोड आलाच तर

लहान असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका, वरची कातडी हेच सगळ्यात चांगलं बँडेज. मोठा, ताणलेला, दुखणारा असेल तर हात आणि जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छोटं छिद्र करून पाणी काढता येतं, पण वरची कातडी ओढून काढायची नाही, तशीच बसू द्यायची आणि स्वच्छ पट्टी लावायची. डायबिटीस असेल तर स्वतः सुई लावू नका, डॉक्टरांकडे जा. लाली पसरतेय, पू आहे, गरम लागतंय, तेव्हाही डॉक्टर. उघड्या फोडावर हळद, टूथपेस्ट, फेविक्विक असलं काहीही नको, शेवटचं तर मी ग्राउंडवर करताना बघितलंय म्हणून लिहितोय.

फोडावर जाड पट्टी लावून त्यावर टॅब घालून मारणं हा उपाय नाही. पट्टीमुळे एका बोटाची जाडी वाढते, भार त्याच बोटावर जास्त येतो. मॅच टाळता येणारच नसेल तर एकच पदर पातळ कापडी टेप, आणि ती तिन्ही बोटांना सारखी. नाहीतर कातडी भरेपर्यंत थांबा आणि परत सुरू करताना निम्मे बाण, हलका बो, जवळून.

घट्टे पडले असतील तर ते वाढू देऊ नका. जाड, कडक घट्ट्याच्या कडेला नवीन कातडी लागते तिथे तो उचकटतो आणि खाली फोड येतो, तो फार दुखतो. आठवड्यातून एकदोनदा अंघोळीनंतर मऊ झालेला घट्टा वजरीने हलकेच घासा, ब्लेड नको, आणि रात्री खोबरेल किंवा साधं क्रीम लावून झोपा. शूटिंगच्या आधी मात्र क्रीम नाही, मऊ पडलेली कातडी जास्त घासते. घामाचंही तेच, किंचित ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून मे महिन्यात प्रत्येक एंडनंतर (बाणांच्या एका फेरीनंतर) बोटं आणि टॅबची आतली बाजू रुमालाने पुसायची, टॅबवर चिमूटभर पावडर.

पावसाळ्यात चामडं भिजलं की हेअर ड्रायर, गॅसजवळ किंवा उन्हात वाळवू नका, कडक होऊन तडकतं. कागदात दाबून पंख्याखाली वाळवा. ओला टॅब किटबॅगमध्ये तसाच ठेवला तर दोन दिवसांत बुरशी. दोन टॅब ठेवा, दोन्ही सारखे मारून मऊ केलेले.

आता ते मुंग्यांचं. शूटिंग संपल्यावर थोडा वेळ बोटाचं टोक जड वाटलं तर पाउंडेज आणि बाण कमी करून बघा. पण दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल, शर्टाचं बटण लावताना बोटाला कापड नीट कळत नसेल, तर शूटिंग पूर्ण बंद. बोटाच्या दोन्ही कडांनी बारीक नसा जातात, त्या पुन्हापुन्हा दाबल्या गेल्या की बऱ्या व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि त्यावर मारत राहिलं तर आणखी लांबतं. तसंच सकाळी बोट वाकलेलं राहून टक् करून सरळ होत असेल तर तेही कातडीचं दुखणं नाही, स्नायूबंधाचं आहे, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना बो किती पाउंडचा आहे आणि दिवसाला किती बाण मारता हे सांगा, नाहीतर त्यांना वाटतं मोबाइलमुळे झालंय.

आईवडिलांना एक विनंती, मुलगी किंवा मुलगा बोटं दुखतात म्हणत असेल तर आधी हात बघा, कुठे दुखतंय ते बोट लावून दाखवायला सांगा, आणि त्या जागेचा फोटो काढून कोचना दाखवा. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे म्हणून पाउंडेज वाढवायचं चाललं असेल तर ते पुढच्या सीझनपर्यंत थांबू शकतं.